हनेफाताफ्ल: राजा दर वेळी सुटतोच कसा? नियमांचा घोळ कुणीतरी सोडवा

उपसाळकर

नमनाला घडाभर तेल नको म्हणून सरळ सांगतो. मी स्वीडनमध्ये उप्सालाला पीएचडी करतोय. नोव्हेंबर लागला की इथे दुपारी साडेतीनलाच दिवेलागण होते आणि बाहेर पडायची कुणाची इच्छा राहत नाही, मग शुक्रवारी कॉरिडॉरच्या किचनमध्ये आम्ही पाच टाळकी जमतो, मी, नागपूरची एक मैत्रीण, एक हैदराबादी, एक फिनिश पोरगा आणि एक इथलाच स्वीडिश. गेल्या वर्षी सगळ्यांना मेंढीकोट शिकवून झालं. यंदा स्वीडिश मित्राने माझ्या वाढदिवसाला एका दुकानातून लाकडी डबा आणून दिला, व्हायकिंग लोकांचा खेळ, हनेफाताफ्ल. नाव नीट उच्चारण्यातच पहिला अर्धा तास गेला.

पट ११ बाय ११ घरांचा. मधोमध राजा, त्याच्याभोवती १२ पांढऱ्या सोंगट्या आणि चारी कडांना मिळून २४ काळ्या. म्हणजे एकाकडे दुप्पट फौज पण राजा नाही, आणि दुसऱ्याला निम्म्या फौजेत राजा बाहेर काढायचाय. सगळ्या सोंगट्या बुद्धिबळातल्या हत्तीसारख्या चालतात, उभ्या-आडव्या, वाट मोकळी असेल तर कितीही घरं. समोरच्याची सोंगटी आपल्या दोघांच्या मध्ये चेपली की ती मेली. इथपर्यंत झक्कास, कुणालाही दोन मिनिटांत कळतं.

पुढे घोळ. डब्यातल्या कागदावर लिहिलंय की राजा पटाच्या कुठल्याही कडेला पोचला की जिंकला, आणि राजाला धरायचं तर त्याला चारी बाजूंनी घेरायला हवं. बास, संपला कागद. आम्ही आजवर १४ डाव खेळलो, १३ वेळा राजा सुटला. जो एकदा सापडला तो माझा, कारण तेव्हा आईचा फोन चालू होता आणि मी कुकरच्या शिट्ट्यांवर सल्ला देत होतो. बाजू बदलून पाहिल्या, तरी तेच. मग नागपूरकरणीने कुठेतरी वाचलं की राजाने कडेला नाही तर कोपऱ्यात जायचं असतं, तसं खेळलो तर एक डाव अडीच तास चालला आणि शेवटी दोघंही आपापली एकच सोंगटी पुढे-मागे, पुढे-मागे करत बसले. फिनिश पोरगा उठून सॉनाला गेला, परत आला, तरी तेच चालू.

तर खरे नियम कुठले? राजा स्वतः दुसऱ्याची सोंगटी मारू शकतो का? आणि आपण स्वतःहून दोन शत्रूंच्या मध्ये जाऊन बसलो तर मरतो का? यावरून गेल्या शुक्रवारी जवळजवळ भांडण झालं.

ता.क. डब्यातला मूळ राजा दुसऱ्याच आठवड्यात हरवला. सध्या माझ्याकडची गणपतीच्या पूजेतली सुपारी राजा आहे. हसू नका.

रात्रपाळी

सुपारी राजा!! आणि घ्यायला २४ जण टपलेत. मुंबईतला जुना काळ आठवला :)

वझीर_गेला_उडत

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बुद्धिबळ आपण जगाला दिलं, ते सोडून जे लोकांनी स्वतःच टाकून दिलं ते कशाला उकरून खेळायचं? एक बाजू दुप्पट, एक निम्मी, हा काय खेळ झाला. बुद्धिबळ उत्तरेकडे पोचलं आणि शंभर-दोनशे वर्षांत यांनी आपला पट गुंडाळून ठेवला, यातच सगळं आलं.

हत्तीची_चाल

@वझीर, गुंडाळला हे खरं, पण पार उत्तरेकडे तो आणखी काही शतकं टिकला आणि तिथूनच या प्रश्नाचं उत्तर येतं. उपसाळकर, तुमच्या कागदातली चूक दुकानदाराची नाही, ती दोनशे वर्षं जुनी आहे. जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

व्हायकिंगांनी या खेळाचे नियम लिहून ठेवलेच नाहीत. सागांमध्ये, म्हणजे त्यांच्या जुन्या वीरकथांमध्ये, खेळाचे उल्लेख भरपूर, कोण खेळत होतं, डावावरून कोण कुणाला टोमणा मारत होतं, सगळं आहे, पण सोंगटी कशी मरते हे कुणी सांगत नाही. सगळ्यांना माहीतच होतं तर लिहील कोण? आपल्याकडे तरी विटीदांडूचे नियम कुठल्या पोथीत आहेत.

मग १७३२ साली कार्ल लिनियस, तोच तो झाडापाखरांना लॅटिन नावं देणारा, पंचविशीत असताना लॅपलंडला वनस्पती गोळा करायला गेला. तिथे त्याने सामी लोकांना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना, एक खेळ खेळताना पाहिलं आणि डायरीत टिपून ठेवला, चित्रासकट. खेळाचं नाव ताब्लुत. पट ९ बाय ९ चा, हल्ला करणारे १६ आणि राजाकडचे ८. गंमत म्हणजे हल्ला करणाऱ्यांना तिथे मॉस्कोवाले म्हणायचे आणि राजा नि त्याची माणसं स्वीडिश. मधल्या घराचं नाव कोनाकिस, म्हणजे राजाचा किल्ला, तिथे दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही आणि त्यावरून पलीकडे जायचंही नाही. राजाची कडेपर्यंतची एक वाट मोकळी झाली की खेळणाऱ्याने 'राइची' म्हणून बजावायचं, आणि दोन वाटा मोकळ्या झाल्या की 'तुइचू', म्हणजे संपलं, कारण दोन्ही वाटा एका खेळीत अडवता येत नाहीत. आपल्या शह आणि मातेसारखंच, फक्त इथे राजावाला दम देतो.

आता घोळ कुठे झाला ते ऐका. खेळाचं टिपण होतं लॅटिनमध्ये. डायरीचं इंग्रजी भाषांतर १८११ साली छापलं गेलं आणि त्यात राजाला धरण्याचा नियम पार बिघडला. लिनियसच्या मूळ टिपणात असं आहे की राजा किल्ल्यात बसलेला असेल तर चारी बाजूंनी घेरा, किल्ल्याला लागून असेल तर उरलेल्या तीन बाजूंनी, आणि एकदा का तो मोकळ्या मैदानात आला की तोही इतर सोंगट्यांसारखाच, दोघांच्या मध्ये सापडला की गेला. भाषांतरात यातलं शेवटचंच नीट आलं नाही आणि चित्र असं उभं राहिलं की राजाला कुठेही असला तरी चौघेच लागतात. १९१३ साली मरे नावाच्या बुद्धिबळाच्या इतिहासकाराने आपल्या जाड ग्रंथात तेच घेतलं, मग पुढच्या सगळ्यांनी मरेवर विसंबून पुस्तकं काढली, डबे काढले, कागद छापले. तुमच्या हातात आलाय तो या साखळीतला शेवटचा कागद. चार जणांशिवाय मरत नाही आणि कुठल्याही कडेने पळू शकतो, असा राजा १४ पैकी १३ डाव जिंकला यात नवल नाही, तो एक हरला कसा हेच नवल. (कुकर.)

लोकांना हे राजाचं पारडं जड जाणवत होतं, म्हणून मग त्यांनी डागडुजी सुरू केली. राजाने कोपऱ्यातच जायचं हा तसाच एक उपाय. त्यातून आज जे ११ बाय ११ वर जास्त चालतात ते कोपनहेगन नावाने ओळखले जाणारे नियम. त्यात काळ्यांची पहिली खेळी, राजाला चौघंच लागतात (रिकाम्या सिंहासनाला, म्हणजे मधल्या घराला, लागून असेल तर तिघं), पण सुटका चार कोपऱ्यांत. राजा मारू शकतो. तेच तेच पुढे-मागे करायला बंदी. आणि काळ्यांनी राजासकट सगळ्या पांढऱ्यांना बाहेरून पूर्ण कोंडलं तर तिथेच डाव काळ्यांचा. तुमचा अडीच तासांचा डाव या शेवटच्या दोन नियमांपैकी कुठल्यातरी एकाने नक्की संपला असता.

थोडक्यात हे दोन वेगळे संसार आहेत. कड आणि दोघांत मरणारा राजा हा एक. कोपरा आणि चौघांत मरणारा राजा हा दुसरा. तुम्ही याची सुटका आणि त्याचं मरण एकत्र केलंय, म्हणजे शिऱ्यावर तर्री ओतल्यासारखं.

राहिला भांडणाचा प्रश्न. स्वतःहून दोघांच्या मध्ये जाऊन बसलं तर मरत नाही. मारणाऱ्याने स्वतः चाल करून चेपायला हवं.

उपसाळकर

@हत्तीची_चाल दंडवत स्वीकारा!! आणि हे लिनियस प्रकरण वाचून मी चाटच पडलो, अहो मी रोज सायकलवरून त्याच्याच बागेवरून जातो. त्याची बाग इथे, तो शिकवायचा इथे, कॅथेड्रलमध्ये त्याला पुरलंय तेही इथेच. तो लॅपलंडला निघाला तोही याच गावातून. आणि आम्ही त्याच्याच गावात बसून त्याचा खेळ चुकीचा खेळतोय. स्वीडिश मित्राला सांगितलं तर तो म्हणाला शाळेत आम्हाला फक्त फुलं शिकवली.

पण आता ९ बाय ९ चा पट कुठून आणू?

सांगलीची_मावशी

अरे पट कसला विकत आणतोस, कॅरम आहे का घरात? मी माझ्या भाचरांना सुट्टीत हाच खेळ कॅरमच्या सोंगट्यांवर शिकवलाय. ताब्लुतला ८ पांढऱ्या लागतात, कॅरममध्ये ९ असतात, एक बाजूला ठेव. राणी मधोमध, तीच राजा. काळ्या १६ लागतात म्हणून शेजाऱ्यांचा कॅरमचा डबा मागून आणायचा, दोन डब्यांच्या मिळून १८ झाल्या, दोन जास्तच. पट म्हणजे पुठ्ठ्यावर स्केचपेनने नऊ नऊ घरं, मधलं घर लाल रंगवायचं. मांडणी सोपी आहे, मधल्या घरापासून चारी दिशांना दोन दोन पांढऱ्या, अधिकच्या खुणेसारख्या, आणि प्रत्येक कडेच्या मधोमध तीन काळ्या नि त्यांच्या पुढ्यात एक, टी अक्षरासारखं.

आणि तेवढाही धीर नसेल तर एकाच डब्यात भागतं. सात बाय सात घरं आखायची, ८ काळ्या, ४ पांढऱ्या आणि राणी. हा आयर्लंडचा प्रकार, ब्रांडुब म्हणतात, मांडणी जुन्या आयरिश कवितांवरून घेतलीय आणि नियम आताच्या लोकांनी बसवलेत, राजाने कोपरा गाठायचा. दहा मिनिटांत डाव होतो. पोरांना हाच आवडला, कारण हरल्यावर लगेच "परत" म्हणता येतं. मोठ्या पटावर हरलं की तासभराची मेहनत जाते आणि मग रुसवेफुगवे. तुमच्यातही नवीन कुणी आला तर आधी सातावर बसवा, मग नवावर, आणि अकरा शेवटी. तू थेट अकरावर उडी मारलीस तिथेच चुकलं बघ.

माझी आई हा खेळ बघून म्हणाली, अगं ही तर वाघ-बकरी. आणि खरंच की, एकीकडे थोडे वाघ, एकीकडे ढीगभर बकऱ्या, दोघांची कामं वेगळी. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर कोरलेली घरं असतात ना, तीच. व्हायकिंग इथूनच घेऊन गेले असणार :)

तळटीप

मावशी, कॅरमची युक्ती एक नंबर. पण "इथूनच घेऊन गेले" याला माझा आक्षेप. दोन्ही खेळ विषम आहेत एवढंच साम्य. वाघ-बकरीत वाघ उडी मारून बकरी खातो आणि बकऱ्या वाघाला नुसतं कोंडतात, ताफ्लमध्ये उडी नाहीच, दोन्हीकडचे चेपूनच मारतात. दोघांमध्ये चेपून मारायची रीत रोमन सैनिकांच्या लात्रुन्कुली या खेळात होती, आणि 'ताफ्ल' हा शब्दच मुळात लॅटिन ताबुला म्हणजे फळी यावरून आलाय. त्यामुळे ओळख शोधायचीच तर आधी रोमकडे बघावं. 'हनेफी' म्हणजे मूठ, आणि तेच राजाच्या सोंगटीचं नाव. म्हणजे मुठीचा पट. बाकी आपला खरा संबंध आहे तो वझीर म्हणाले तोच, चतुरंगातून निघालेल्या बुद्धिबळाने याला हटवलं. आणि नवकंकरीचा पटही उत्तरेत होता, तो मात्र आपल्यासारखाच.

सांगलीची_मावशी

बरं बाबा, रोम तर रोम. आईला नाही सांगणार.

कांदेपोहे_अबर्डीन

मी स्कॉटलंडमध्ये असतो, इथे हौशी लोकांचा एक गट आहे त्यात खेळतो. शेटलंड बेटांच्या उत्तर भागात फेटलर नावाचं टिकलीएवढं बेट आहे, तिथे या खेळाची जागतिक स्पर्धा भरलेली आहे आणि फेटलरचे म्हणून ११ बाय ११ चे वेगळे नियमही आहेत, कोपनहेगनचे सख्खे भाऊच. मी एकदा नुसता बघायला गेलो होतो. बोटीतून उतरल्यावर वाऱ्याने टोपी गेली ती गेलीच. असो.

नियम वर हत्तीसाहेबांनी सांगितलेत, मी खेळायचं कसं ते सांगतो, कारण कोपऱ्याचे नियम घेतले तरी नवीन काळे हरतातच आणि मग लोक परत म्हणतात खेळच एकतर्फी.

काळे हरतात कारण ते मारायला धावतात. २४ सोंगट्या बघून हात शिवशिवतात, दिसली पांढरी की चेप. त्या नादात आपली फळी विस्कटते, एक उभी रांग मोकळी होते आणि राजा बुंगाट. काळ्यांचं काम मारायचं नाही, कोंडायचं आहे. आधी कोपरे बंद करा. एका कोपऱ्याला तीन सोंगट्या पुरतात, पण बसवायच्या नेमक्या. कोपऱ्याचं घर पहिलं धरा. एका कडेवरचं तिसरं घर, दुसऱ्या कडेवरचं तिसरं घर, आणि कोपऱ्याला तिरकं लागून असलेलं घर, अशी तिरपी भिंत. ती एकदा पुरी झाली की त्या तिघींना कुणी मारूच शकत नाही, पटावर मांडून बघा, प्रत्येकीला चेपायला आतल्या बाजूचं घर लागतं आणि आत शिरायला वाटच नाही. चार कोपरे, १२ सोंगट्या. उरलेल्या १२ चं जाळं करून आत आत सरकायचं. कंटाळवाणं वाटतं पण पांढऱ्याला घाम फुटतो.

अर्थात पांढरा काय हातावर हात ठेवून बसणार नाही. भिंत अर्धी असतानाच तोडायची असते, दोन सोंगट्या बसल्या आणि तिसरी यायचीय तेव्हाच घुसायचं. आणि पांढऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे राजाभोवती सगळे दाटीवाटीने बसून राहतात, आपल्याच अंगरक्षकांनी राजाची वाट अडते. सुरुवातीच्या पाच-सात खेळ्यांत त्यांना बाहेर फेका, एकदोन मेले तरी चालतील, एक-दोन रांगा मोकळ्या झाल्या पाहिजेत. कोपऱ्याचं घर दोघांनाही शत्रूच असतं, म्हणजे कोपऱ्याला लागून उभ्या असलेल्या सोंगटीला पलीकडून एकच जण चेपू शकतो. हे विसरून मी किती सोंगट्या घालवल्या त्याचा हिशोब नाही.

आणि कोण भारी हे ठरवायचं असेल तर एक डाव कधीच खेळू नका. बाजू बदलून दोन खेळा. दोन्हीत राजाच सुटला तर ज्याचा कमी खेळ्यांत सुटला तो जिंकला. आम्ही घरी असंच करतो, बायको बहुतेक वेळा दोन खेळ्यांनी पुढे असते.

वझीर_गेला_उडत

ती तिरपी भिंत आत्ता बुद्धिबळाच्या पटावर प्यादी लावून बघितली. खरंच मरत नाही की. बरं, हे जरा इंटरेस्टिंग आहे. ऑनलाइन कुठे खेळता येईल?

रात्रपाळी

मासा गळाला लागला

कांदेपोहे_अबर्डीन

@वझीर मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या लोकांनी लुडी नावाचा फुकट प्रोग्राम केलाय, जुन्या खेळांचा मोठा साठा आहे त्यात, कॉम्प्युटरविरुद्ध खेळता येतं. सुरुवात ब्रांडुबने करा, गर्व हरण लवकर होतं.

खापरतुकडा

उशिरा आलो, पण उप्सालाचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. (पुरातत्त्वात होतो, आता बँकेत आहे, त्यामुळे असे धागे म्हणजे माहेर.) उपसाळकर, तुम्ही जिथे बसलाय तिथून सायकलने जाण्याइतक्या अंतरावर वाल्सगार्देची दफनभूमी आहे. बड्या लोकांना तिथे नावेत घालून पुरायचे आणि सोबत शस्त्रं, भांडी आणि खेळाच्या सोंगट्या. तुमच्या गावातल्या गुस्ताविआनुम म्युझियममध्ये तिथल्या वस्तू आहेत, एका रविवारी सगळी टाळकी घेऊन जा.

बोटीने बिर्काला जाता येतं, मेलारेन तळ्यातल्या बेटावर. तिथली ५८१ नंबरची कबर एकोणिसाव्या शतकात उकरली, आत तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन घोडे आणि सोंगट्यांचा संच. एवढं सगळं म्हणजे सेनापतीच, आणि सेनापती म्हणजे पुरुषच, असं सगळ्यांनी शंभरावर वर्षं धरून ठेवलं. २०१७ मध्ये डीएनए तपासला तर ती बाई निघाली. त्यावर अजून वाद घालणारे आहेत, पण सोंगट्यांचा संच पुरुषाचा समजत होते तोवर कुणी वाद घातला नव्हता, एवढं लक्षात ठेवा.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट एस्टोनियातली. सारेमा बेटावर साल्मे नावाचं गाव आहे, तिथे २००८ मध्ये केबल टाकायला खणताना हाडं लागली. मग एक नाही, दोन जहाजं निघाली, आत लढाईत मेलेले योद्धे, साधारण इसवी सन ७५० चे, आणि ते बहुधा तुमच्याच मेलारेन भागातून गेलेले. सोंगट्या शेकड्यांनी सापडल्या. त्यातली राजाची सोंगटी एका योद्ध्याच्या तोंडात होती. तोच त्यांचा म्होरक्या असावा असं म्हणतात. डाव हरला, मेला, पण त्याच्या माणसांनी राजा त्याच्या तोंडात ठेवून दिला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत होतो आणि उगाचच उठून बाहेर जाऊन आलो.

मावशींच्या ब्रांडुबचाही पुरावा आहे. १९३२ मध्ये आयर्लंडच्या बॅलिंडेरीला लाकडी पट सापडला, सात बाय सात भोकांचा, म्हणजे खुंट्या खोचून खेळायचे, नावेत हलला तरी डाव मोडायला नको. मधल्या भोकाभोवती वर्तुळ आणि कोपऱ्यांना पाव वर्तुळं कोरलीत. डब्लिनच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये आहे. त्याला दोन बाजूंना मुठी आहेत, एकीवर माणसाचं डोकं, दुसरीवर जनावराचं. कोपऱ्यांना काहीतरी खास महत्त्व होतं हे त्यावरून दिसतं, म्हणजे कोपऱ्याचा नियम अगदीच हवेतला नाही, असं माझं मत. लिनियसवाले यावर भांडतील, भांडू देत.

तळटीप

भांडतोच. खुणा आहेत म्हणजे राजा तिथेच पळत होता हे कशावरून? नुसती नक्षी असेल.

खापरतुकडा

मधल्या घराला नक्षी म्हणाल का मग? चला, हे वेगळ्या धाग्यात.

उपसाळकर

मंडळी, काल शुक्रवार होता, वृत्तांत देतो.

कॅरम इथे कुठला, पण हैदराबादी पठ्ठ्याने डिपार्टमेंटमधून जाड पुठ्ठा आणला, नऊ बाय नऊ आखलं, मधलं घर लाल. सोंगट्या आमच्याच डब्यातल्या १६ काळ्या, ८ पांढऱ्या. नियम लिनियसचे, मैदानात राजा दोघांत मेला. पाच डाव झाले, राजा तीनदा सुटला, दोनदा सापडला. पहिल्यांदाच काळं घ्यायला लोक तयार होते!

एक डाव सांगतोच. नागपूरकरीण राजा घेऊन, मी काळा. तिने सुपारी किल्ल्यातून काढली आणि वरच्या अंगाला दोन घरं नेऊन थांबवली. डावीकडची अख्खी रांग मोकळी. "राइची!" ही एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतला चिनी मुलगा बघायला आला. मी घाबरून वाट अडवायला एक काळी घातली, आणि ती घातल्यावर माझ्या लक्षात आलं की ती नेमकी सुपारीला खेटून बसलीय. तिच्या नाही आलं लक्षात. तिला तिकडे खाली माझी एक सोंगटी फुकट मिळत होती, ती चेपायला गेली, "घे!" असं म्हणून. मी शांतपणे उजवीकडून दुसरी काळी सरकवत आणली आणि सुपारीच्या दुसऱ्या अंगाला टेकवली. पाच सेकंद कुणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, "हे काय असतं बे!" जुन्या नियमाने तो राजा अजून दोन बाजूंनी मोकळा होता, नाचत गेला असता. तेव्हा कळलं की राजा बाहेर निघाला की दर खेळीला त्याच्या दोन्ही अंगांना बघावं लागतं, तो आता राजा नसतोच.

तिने नंतर दोन डावांत माझं उट्टं काढलं, ते सविस्तर सांगत नाही.

साल्मेची गोष्ट किचनमध्ये वाचून दाखवली. फिनिश पोरगा काहीच बोलला नाही, फक्त म्हणाला की मला पुरताना सोंगटी नको, सॉनाची पळी ठेवा. रविवारी गुस्ताविआनुमला जायचं ठरलंय.

आणि हो, मूळ राजा सापडला. हैदराबादीच्या जॅकेटच्या खिशात होता, चार आठवडे गावभर फिरत होता. पण आता कुणी त्याला पटावर घ्यायला तयार नाही, स्वीडिश म्हणतो सुपारीच बरी, वजनदार आहे. फक्त आज सकाळी आईला व्हिडिओ कॉलवर मागे टेबलावर पट दिसला आणि तिने पहिलाच प्रश्न विचारला की पूजेची सुपारी तिथे काय करतेय. काय सांगू?

सांगलीची_मावशी

सांग, कोनाकिसात प्रतिष्ठापना केलीय.